दगडाचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ‘घसारा’ हा शब्द भेटतो. यंत्र वापरले की झिजते, आणि ती झीज वर्षाच्या शेवटी खर्ची घालावी लागते. हा शब्द मुळात ‘घासणे’ या क्रियापदाचा सख्खा नातलग आहे, हे मात्र वर्गात कोणी सांगत नाही. धार लावण्याच्या दगडाइतका शब्दशः घसारा दुसऱ्या कोणत्याच मालमत्तेला लागू पडत नाही. आणि नवल असे की, हा दगड झिजला नाही तर बिघडतो.

विषय आपल्या घरचाच आहे. शाहूवाडी, मलकापूर, बांबवडे या पट्ट्यात आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची हार्डवेअरची आणि शेती-अवजारांची दुकाने आहेत. विळा, कोयता, कुऱ्हाड, रंध्याचे पाते आणि त्यांना धार लावणारी साधने हा त्या दुकानांचा बारमाही माल. साधन विकणारा ते कसे राखावे हेही सांगू शकला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीची पायरी चढत नाही.

आपल्या मुलखात हे ज्ञान जुने आहे. फिरत्या दगडावर शस्त्रे उजळणारा शिकलगार आणि गावोगाव पाल ठोकून अवजारे घडवणारा घिसाडी या दोघांनी ते जपले. घराघरांत आडवा निसणा असे. उत्तम निसणा कुरुंदाचा. संस्कृतात याला कुरुविंद म्हणत. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही तमिळमार्गे आपल्याच देशातून गेलेला आहे. हिऱ्याखालोखाल कठीण असलेले हे खनिज आपल्या राज्यात भंडारा जिल्ह्यात सापडते. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन यांना विद्युतभट्टीत सिलिकॉन कार्बाइड गवसले आणि ‘कार्बोरंडम’ या नावाने ते जगभर पसरले. भारतात ग्राइंडिंग चाके तयार होऊ लागली ती १९४१ मध्ये, उरणजवळच्या मोरा येथे, ग्राइंडवेल कंपनीच्या कारखान्यात. आज तालुक्यातील लहानात लहान वर्कशॉपमध्येही राखाडी किंवा हिरव्या चाकाचा बेंच ग्राइंडर दिसतो. राखाडी चाक साध्या पोलादासाठी आणि हिरवे कार्बाइडच्या हत्यारांसाठी, एवढा भेद दुकानदाराला तोंडपाठ हवा.

आता चाक कापते कसे ते पाहू. चाक म्हणजे असंख्य टोकदार कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंध. काम करताना कण बोथट होतो, त्याच्यावरचा दाब वाढतो, बंध त्याला सोडून देतो आणि खालचा ताजा कण पुढे येतो. चांगले चाक असे स्वतःला सतत झिजवत धारदार राहते. म्हणूनच कठीण पोलादाला मऊ बंधाचे चाक आणि मऊ लोखंडाला कठीण बंधाचे चाक, असा वरकरणी उलटा वाटणारा नियम आहे. कठीण पोलादावर कण लवकर बोथट होतात, त्यामुळे बंधाने त्यांना लवकर सोडायला हवे. बंध नको तितका घट्ट असेल तर बोथट कण जागचे हलत नाहीत आणि चाकाचे तोंड काचेसारखे चकचकीत होते. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम घासले तर निराळाच रोग जडतो. तो मऊ धातू कणांमधल्या पोकळ्यांत चोंदून बसतो आणि चाक कापेनासे होते.

चाक कापत नसले की कारागीर काय करतो? अधिक जोर लावतो. तिथेच घात होतो. बोथट चाक कापत नाही, नुसते घासते. घासण्यातून उष्णता निर्माण होते आणि पात्याच्या पातळ कडेवर निळसर झाक उमटते. ही निळी छटा म्हणजे पोलाद तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापून गेल्याची खूण. लोहाराने दिलेले पाणी त्या जागी उतरलेले असते. बाहेर पडणारा कोयता दिसायला लखलखीत असतो, पण फडात दोन मोळ्या झाल्या की त्याची धार वळते.

नोकरीच्या काळात याच तालुक्यातील एका शाखेत असताना कर्जतपासणीसाठी एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. ग्राइंडरसाठी घेतलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. मालक प्रामाणिक आणि कष्टाळू होता. त्याचे म्हणणे एवढेच की, गळीत हंगाम सुरू झाल्यापासून ऊसतोड टोळ्यांनी त्याच्याकडे यायचे सोडले. या टोळीवाल्याची मजुरी टनावर. धार गेली की दिवसाचे वजन घटते, मग तो नीट धार मिळेल तिथे जाणारच. त्याच्या चाकाचे तोंड मी पाहिले. मधोमध बोटभर रुंदीची खोलगट चर पडली होती, कडा उंच राहिल्या होत्या आणि पृष्ठभाग आरशासारखा चमकत होता. माझ्यासोबत कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदीची वर्षे काढलेले एक वृद्ध टर्नर होते. त्यांनी जवळच्या दुकानातून ड्रेसर आणवला आणि दहा मिनिटांत तोंड सपाट करून दिले. चाकाची भुकटी उडताना मालकाचा चेहरा पडला. पैसे देऊन घेतलेला दगड आपण उधळतो आहोत, असे त्याला वाटत होते. त्यावर त्या वृद्धांनी विचारले, “अहो, जात्याला टाकी लावताना दगड वाया गेला म्हणून तुमची आजी रडायची का?” हंगाम संपण्यापूर्वी ते खाते नियमित झाले. केवळ ड्रेसरमुळे झाले, असा दावा मी करणार नाही; पण त्या वर्कशॉपात त्या दिवशी बदललेली गोष्ट एवढीच होती.

जात्याची उपमा मला अगदी चपखल वाटते. पाटा-वरवंटा आणि जाते गुळगुळीत झाले की टाकीवाली दारोदार हाक देत येई आणि छिन्नीने दगडाला पुन्हा खरखरीतपणा देई. पिठाच्या गिरणीच्या तळ्या आजही अशाच टाकाव्या लागतात. ग्राइंडरच्या चाकाची टाकी म्हणजे ड्रेसर. त्यातही दोन कामे आहेत. एक चाक खरे गोल आणि तोंड सपाट करणे. दुसरे, चोंदलेले तोंड उघडून ताजे कण पुढे आणणे. साध्या वर्कशॉपला चांदणीच्या आकाराच्या पोलादी चकत्यांचा ड्रेसर पुरतो. त्याची टाच टेकूच्या कडेला अडकवून, हात स्थिर ठेवून, या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश फिरवावा. एकाच जागी थांबला तर नवी चर पडते. हिऱ्याची कणी बसवलेला ड्रेसर अधिक नाजूक. तो चाकाच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि फिरण्याच्या दिशेकडे थोडा कललेला धरावा, आणि एका फेरीत केसभरापेक्षाही कमी काढावे. जोराने दाबणारे हिराच गमावून बसतात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क यांत सूट नाही.

चर पडूच नये यासाठी पाते चाकाच्या पूर्ण रुंदीवर फिरवत राहावे. चाकाच्या बाजूवर घासू नये. साधे चाक तो आडवा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते. टेकू आणि चाक यांतले अंतर तीन मिलिमीटरच्या आत असावे. ड्रेसिंग केले की चाक लहान होते, अंतर वाढते आणि टेकू पुढे सरकवायचे बहुतेकजण विसरतात. मग पाते त्या फटीत ओढले जाते. बोटांच्या अपघातांची ही एक नेहमीची वाट.

आडव्या निसण्याची गोष्ट याहून सोपी. सगळे मधोमधच घासतात, म्हणून त्याला मध्ये खोलगी येते. विळीच्या वाकड्या पात्याला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, पण रंध्याचे किंवा पटाशीचे पाते अशा दगडावर सरळ निघत नाही. उपाय घरगुती आहे. जाड काचेवर खरबरीत वॉटर पेपर पसरावा, निसण्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि पाणी घालत घासावे. मधल्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. काच नसेल तर दोन दगड एकमेकांवर घासून भागते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांवर अचूक बसतात. तीन दगड आळीपाळीने एकमेकांवर घासले तरच तिन्ही सपाट होतात. हे तत्त्व जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटनच्या विद्वानांपुढे मांडले आणि अचूक यंत्रनिर्मितीच्या पायात ते बसले. निसण्यावर खाद्यतेल घालण्याची सवय मात्र मोडावी. ते वाळून डिंकासारखे चिकटते आणि दगडाची छिद्रे बुजवते.

दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द अधिक. चाक देताना गिऱ्हाइकाच्या मोटरचा वेग विचारलाच पाहिजे. दीडशे मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८५० फेरे घेते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने धावते. हातातल्या अँगल ग्राइंडरची शंभर मिलिमीटरची तबकडी ११,००० फेऱ्यांवर सुमारे ५८ मीटर गाठते. एकाचे चाक दुसऱ्याला ‘बसते आहे ना’ म्हणून लावणे म्हणजे फुटणाऱ्या दगडासमोर उभे राहणे. चाकाच्या लेबलवर कमाल वेग छापलेला असतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ३० व्या कलमाने प्रत्येक ग्राइंडिंग यंत्राजवळ सुरक्षित वेगाची सूचना लावणे बंधनकारक केले होते, ते उगाच नव्हे. चार माणसांच्या वर्कशॉपपर्यंत तो कायदा पोहोचत नव्हता. तिथे दुकानदाराचा शब्दच पोहोचतो.

माठ घेताना आपण वाजवून घेतो, तसे भट्टीत भाजलेले चाकही बोटावर किंवा खुंटीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. स्वच्छ नाद आला तर चांगले. बद्द आवाज आला तर तडा समजावा आणि चाक मोडून टाकावे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या हाती जाणार नाही. अशा वेळी दीडदोनशे रुपयांकडे पाहणारा व्यापारी मला समजतच नाही.

आणि आपल्या आंबा घाटाकडच्या पावसाचे काय? भाजलेल्या चाकाला दमटपणा बाधत नाही, मात्र ते अर्धे पाण्यात उभे ठेवले तर एका बाजूला पाणी शोषून जड होते आणि फिरताना हादरते. राळेच्या बंधाच्या कटिंग तबकड्यांची गोष्ट वेगळी. ओलाव्याने त्यांची ताकद उतरते आणि त्यांना मुदतही असते, साधारणपणे उत्पादनापासून तीन वर्षे. अनेक तबकड्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर ती कोरलेली असते. औषधांची मुदत पाहणारे आपण ही मुदत क्वचितच पाहतो. पावसाळ्यापूर्वी एकदा रॅक उतरवून जुना माल पुढे आणावा, मुदत संपलेला बाजूला काढावा आणि उरलेला भिंतीपासून दूर, कोरड्या जागी, आडवा रचून ठेवावा. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी साठ्याची मोजदाद करताना आणखी एकदा तेच करावे. मुदत संपलेल्या तबकड्यांची रक्कम त्या वर्षीच खर्ची घालावी. पुढे ओढू नये.