व्यायामाची शिक्षा

आपल्यापैकी बहुतेकांची व्यायामाशी पहिली ओळख झाली ती शिक्षा म्हणून. गृहपाठ राहिला, काढ दहा उठाबशा. वर्गात बोललास, मार मैदानाला दोन फेऱ्या. मास्तर विसरून जातात. मन मात्र विसरत नाही. पुढे कुणी आपुलकीने ‘रोज थोडे फिरत जा’ म्हटले, तरी आपल्याला त्यात छडीचाच आवाज ऐकू येतो.

महाविद्यालयात शिक्षा सुटते आणि तिच्या जागी स्पर्धा येते. जिमखान्याची फी आपण सारेच भरतो, मैदान मात्र संघात निवडलेल्यांचे. उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात! खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, याचा अभिमान कुणाला नाही? पण ज्याला पदक मिळण्याची सुतराम शक्यता नाही, त्याने धावूच नये काय? विद्यार्थिनींची गोष्ट तर वेगळीच. एखादीने संध्याकाळी मैदानाला चार फेऱ्या मारायच्या म्हटले, तर तिच्यापेक्षा कट्ट्यावरच्या मंडळींच्या डोळ्यांनाच अधिक व्यायाम घडतो.

आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. पावले किती झाली, दंडाचा घेर किती वाढला, याची रोजची मोजदाद. आणि एक दिवस चुकला की दिवसभर अपराधी वाटणे. म्हणजे पुन्हा शिक्षाच, फक्त मास्तर खिशात!

वास्तविक मागणी किती थोडी आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितले ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचे. भरभर चालणेही त्यात आले. चिंता व नैराश्य यांची लक्षणे त्याने कमी होतात, असेही तीत म्हटले आहे. तेवढे जमले नाही, तर थोडेही काहीच न करण्यापेक्षा बरे. परीक्षेच्या दिवसांत एकच विचार घाण्याच्या बैलासारखा डोक्यात फिरत असतो, तेव्हा अर्धा तास चालून आलेल्या माणसाला निदान झोप तरी बरी लागते. अर्थात ज्याचे दुखणे खोल आहे त्याला ‘जरा पळून ये’ म्हणणे हा निर्दयपणा होय. तिथे डॉक्टरच हवा.

म्हणून जिमखाना समितीकडे एक मागणे आहे. रोज संध्याकाळी एक तास मैदान सर्वांना खुले ठेवावे. निवड नको, शिट्टी नको, वजनकाटा नको. कुणी धावेल, कुणी गप्पा मारीत चालेल, कुणी अर्ध्या फेरीतच बसेल, बसू द्यावे. विद्यार्थिनींना तेथे निर्धास्तपणे वावरता यावे, ही जबाबदारी समितीने घ्यावी. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावीत, पण ते स्वतःही रोज घालीत. तेव्हा प्राध्यापकांनीही यावे. तर्कशास्त्राचे सर आपल्यासारखेच धापा टाकताना दिसले, तर आमच्यातले कितीतरी लाजाळू दुसऱ्याच दिवशी बूट घालून हजर होतील.