काट्याने दाखविले, पण कोणी बोलले नाही

तराजूचा काटा जे दाखवितो ते मान्य करावयाचे, मग ते आपल्या सोयीचे असो वा नसो, हा पेढीवरचा पहिला धडा. हा धडा न पाळल्यामुळे एका राज्याचे मानाचे जहाज कसे बुडाले, याची साक्ष स्टॉकहोमच्या बंदरातील समुद्रतळाने ३३३ वर्षे सांभाळून ठेविली होती.

१० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ ही स्वीडनची नवी युद्धनौका पहिल्या प्रवासास निघाली. सुमारे ६९ मीटर लांबी, दोन मजल्यांवर तोफांच्या रांगा, एकूण ६४ तोफा आणि अंगभर रंगविलेली शेकडो कोरीव शिल्पे असा तिचा थाट होता. काठावर नगरजनांची गर्दी होती. जेमतेम १,३०० मीटर अंतर कापले असेल, तोच वाऱ्याच्या झोताने ती डावीकडे कलली. सलामीसाठी उघडलेल्या खालच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि काही क्षणांतच ती तळाशी गेली. सुमारे ३० जिवांचा अंत झाला. त्या दिवशी खलाशांना कुटुंबीय सोबत आणण्याची मुभा होती, ही गोष्ट मनास अधिकच चटका लावते.

वादळ नव्हते, शत्रूही नव्हता. दोष जहाजातच होता. वरचा भाग जड होता आणि पाण्याखालचा भाग तो भार तोलण्यास अपुरा होता. तळाशी आणखी दगड भरावेत, तर तोफांच्या खिडक्या पाण्याच्या अधिकच जवळ येत.

खेदाची गोष्ट अशी, की हा दोष आधीच कळला होता. प्रयाणापूर्वी ३० माणसांना जहाजाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकत्र धावविण्यात आले. तिसऱ्याच फेरीस जहाज इतके डुलू लागले, की नौदलाधिकारी क्लास फ्लेमिंग यांनी परीक्षा थांबविली. परीक्षा थांबली, प्रयाण मात्र थांबले नाही. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ परदेशी युद्धात गुंतला होता आणि जहाज लवकर हवे म्हणून त्याचा तगादा चालू होता. त्याला प्रतिकूल अहवाल पाठविण्याचे धैर्य कोणी केले नाही.

पुढे रीतसर चौकशी झाली. कारागिरांनी सांगितले, की मापे राजाने मंजूर केलेली होती. मुख्य कारागीर हेन्रिक हायबर्टसन आदल्याच वर्षी निवर्तला होता. अखेर कोणासही शिक्षा झाली नाही. १६६० च्या दशकात पाणबुड्यांनी हवा कोंडलेल्या घंटेसारख्या पात्राच्या आधारे उतरून पन्नासहून अधिक तोफा वर काढल्या. त्यानंतर जहाज विस्मृतीत गेले.

बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्यामुळे लाकूड पोखरणारा सागरी किडा तेथे वाढत नाही. हे जाणून अँडर्स फ्रान्झेन या अभियंत्याने चिकाटीने शोध घेतला. १९५६ साली दोरीला बांधलेल्या त्याच्या नळीत काळ्या ओक लाकडाचा तुकडा अडकून आला आणि ‘वासा’चा ठाव लागला. ३२ मीटर खोल, गढूळ अंधारात पाणबुड्यांनी जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ‘वासा’ पुन्हा पृष्ठभागावर आली. भिजलेले लाकूड वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर १७ वर्षे रासायनिक द्रवाची फवारणी करण्यात आली. आज स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभ्या असलेल्या या जहाजाचा बहुतांश भाग मूळचाच आहे.

गाळातून एका खलाशाची पेटी निघाली. तीत टोपी, हातमोजे आणि शिवणाचे सामान जसेच्या तसे होते. कारागिरांच्या मोजपट्ट्याही मिळाल्या. त्यांतील काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. तर काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या. एकाच जहाजावर दोन मापे वापरली गेली होती! जहाजाच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, असेही संशोधकांना मोजणीत आढळले. बुडण्याचे मुख्य कारण हे नव्हे; परंतु एका पेढीवर दोन मापे असली, तर हिशेब कसा जुळावा, हे व्यापाऱ्यास निराळे सांगण्याची गरज नाही.

या कथेस एक उत्तरार्ध आहे. हायबर्टसननंतर काम पाहणाऱ्या हाइन याकोबसन याने ‘वासा’ची भगिनी नौका ‘एप्लेट’ थोडी अधिक रुंद बांधली. १६२९ साली पाण्यात उतरलेली ही नौका सुमारे तीस वर्षे टिकली आणि १६५९ मध्ये जाणीवपूर्वक बुडविण्यात आली. तिचे अवशेष २०२१ साली वाक्सहोमजवळ सापडले. लाकडाच्या परीक्षणावरून तिची ओळख पटली. त्यातील ओक वृक्ष १६२७ साली तोडलेले होते.

रुंदीत थोडासा फरक केला आणि एक जहाज तीस वर्षे तरले. दुसरे एक तासही तरले नाही. ‘वासा’वर ज्ञानाची उणीव नव्हती, काटा हललेला सर्वांनी पाहिला होता. तो हलला, एवढेच वरिष्ठांपर्यंत पोहोचविणारा एक माणूस मिळाला असता, तर ३० कुटुंबांचे दिवे मालवले नसते. पेढीवरील मुनीम किंवा घरातील धाकटा मुलगा हिशेबातील खोट दाखवू लागला, तर मालकाने क्षणभर थांबून ती ऐकून घ्यावी. ती ऐकण्यास लागणारा वेळ नुकसानीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.