डावे-उजवे कानांनाही असते

जसोंडीतल्या आपल्या संगणक खोलीत स्पीकरची जोडी उलटी बसली आहे. विजेची वायर असलेला स्पीकर उजव्या बाजूचा. पण बोर्ड डावीकडे, म्हणून तो डावीकडे ठेवला गेला. "आवाज येतोय ना, मग झाले!" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही.

नुसते तबलावादन ऐकताना एकवेळ चालेल. वादकासमोर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला तबला असतो, उजव्या हाताला डग्गा. बाजू उलटल्या की आपण जणू वादकाच्याच जागी बसतो. (तीही एक मजाच!) पण पडद्यावर आगगाडी डावीकडून निघते आणि खडखडाट उजवीकडून येतो, तेव्हा लहान मुले गोंधळतात. १९३१ साली अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागेही चित्र आणि आवाज एकाच बाजूला असावेत हाच विचार होता.

खर्च काहीच नाही. लाल पिन उजव्या आवाजाची, पांढरी डाव्या. स्पीकरच्या मागे या दोन पिनांची अदलाबदल केली की झाले. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा तोल बदलता येतो, बाजू नाही. तेव्हा तिथे शोधत बसू नये.

आणखी एक, आणि आमच्या मते हे अधिक गरजेचे. एकाच कानाने ऐकू येणाऱ्या मुलाने हेडफोन लावला, तर दुसऱ्या बाजूचा आवाज त्याला मिळतच नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मोनो ऑडिओ'ची सोय आहे. त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो. अशी मुले कोणत्या वर्गात आहेत, हे पालकांनी वर्गशिक्षकांना जरूर कळवावे.