रेंजवरून : आधी टाकीवरची तारीख वाचा

निवड चाचणीला निघालेल्या मुलांच्या गाड्यांमध्ये रायफल पेटीत जपून ठेवलेली असते. तिच्यात हवा भरायची टाकी मात्र डिकीत बुटांच्या पिशवीशेजारी आडवी, मोकळीच. वळण आलं की गडगडत जाते. ते बघवत नाही.

कारच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते. 300 बारच्या टाकीत 4,300 पीएसआयहून जास्त. 6.8 लिटरच्या टाकीत सुमारे 2,000 लिटर हवा कोंबलेली असते. कुठेतरी आपटून व्हॉल्व्ह तुटला, तर तेवढी हवा क्षणात बाहेर पडते आणि टाकी समोर येईल त्यावर जाऊन आदळते. त्यात आपला उन्हाळा. 20 अंशांना 300 बार भरलेली टाकी बंद गाडीत 60 अंशांवर तापली की दाब 340 बारच्या घरात जातो. म्हणून टाकी पट्ट्याने घट्ट बांधा, व्हॉल्व्हला टोपी घाला आणि मैदानावर सावलीत आडवी ठेवा.

.177 बोअरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यामुळे टाकीलाही काही नियम नसेल, असं पालक धरून चालतात. नियम आहेत. 500 मिलिलिटरपेक्षा मोठा सिलिंडर 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांत येतो आणि त्याला ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. स्वस्तात मिळाली म्हणून बिनशिक्क्याची टाकी घेऊ नका.

टाकीतून रायफलचा सिलिंडर भरताना घाई नको. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, काट्यावरची नजर हलवू नका. रायफलचा सिलिंडर बहुधा 200 बारचा असतो. तिथे काटा आला की टाकी बंद. मग ब्लीड स्क्रू सोडून होजमधली हवा फुस्स करून पूर्ण जाऊ द्या, त्यानंतरच जोड काढा. सिलिंडर हाताला गरम लागला, तर फार वेगाने भरलात असं समजा. जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नका, दाबाखाली ते पेट घेतं. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन तर चुकूनही भरू नका. त्याने स्फोट होतो.

क्लबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. होज जोडण्याआधी टाकीवरची हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची, तारीख आणि रायफलच्या सिलिंडरची मुदत वाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही सिलिंडर मुदतीत आहे ना, हे पाहणं खेळाडूचीच जबाबदारी असते. तारीख उलटली असेल तर भरून देऊ नका, मुलाची मॅच उद्या सकाळी असली तरी. त्याला क्लबचा सिलिंडर द्या.