हात हवेत, डोके नको

सामना संपला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आणि गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत जी चर्चा रंगते, तिचा आपल्याला फार अभिमान आहे. खेळाडूची पारख करावी ती आपणच, अशी आपली जुनी समजूत. कुणाची बॅट सरळ येते, कुणाचे पाय हलत नाहीत, ऐनवेळी कोण कच खातो, हे आपण वडीलधाऱ्यांजवळ बसून शिकलो आणि पुढे आपल्या मुलांना शिकवले. मुंबईने 42 वेळा रणजी करंडक जिंकला, त्यात या चोखंदळ प्रेक्षकाचाही वाटा आहे, असे आपण मनात धरून चालतो. ते अगदीच खोटे नाही. परंतु साच्यात न बसणारा खेळाडू समोर आला म्हणजे या पारखीची खरी परीक्षा होते. ज्याचे मोल नेहमीच्या मापाने मोजता येत नाही, त्याच्याविषयी वाद घालताना आपण खेळाबद्दल थोडे आणि स्वतःबद्दल फार बोलून जातो. गेल्या सव्वाशे वर्षांतले आपले असे वाद तपासले, तर मान खाली घालून एक गोष्ट कबूल करावी लागते. आपल्या तराजूच्या दांडीखाली पहिल्यापासून कुणाचे तरी बोट आहे, आणि ते आपलेच आहे.

बाळू पालवणकरांपासून सुरुवात करू. 1892 च्या सुमारास पुण्यात युरोपियनांच्या पूना क्लबात चांभार समाजातला हा तरुण महिना 4 रुपयांवर मैदानाची कामे करी. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, सरावाची जाळी उभारायची, आणि साहेब मंडळी आली की त्यांना गोलंदाजी करायची. डाव्या हाताने संथ चेंडू टाकणाऱ्या बाळूंनी तिथे तासन्‌तास गोलंदाजी केली, पण बॅट त्यांच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी मालकाची आणि चेंडू टाकणे नोकराचे, ही वाटणी इंग्रजांची होती. आपल्याला ती परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते, कारण असल्या वाटणीचा आपला अनुभव इंग्रजांहून पुष्कळ जुना होता. पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना साहेबाला हरवायचे झाले, तेव्हा या गोलंदाजाला संघात घ्यावे की घेऊ नये, यावर वाद झाला. वादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि बाळू संघात आले.

संघात आले म्हणजे कुठवर आले, हे नीट पाहिले पाहिजे. मैदानावर त्यांच्या हातून सुटलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलत, पँटला घासून चकाकी आणत आणि पुन्हा त्यांच्याच हातात देत. तो चेंडू कातड्याचा होता. ज्या कातड्याला हात लावतो म्हणून एका समाजाला आपण गावाच्या कडेला ठेवले, तेच कातडे अकरा जणांच्या हातांतून दिवसभर फिरत होते आणि कुणाचा धर्म बुडत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र धर्म जागा होई. सगळे आत बसून कपबशीतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य समाजातलाच एखादा नोकर पाणी घेऊन त्यांना मैदानाच्या कोपऱ्यात नेई. म्हणजे गडी बाद करायचा असेल तेव्हा विटाळ नव्हता, आणि बाद झालेल्या गड्याचा आनंद एकत्र बसून साजरा करायचा तेव्हा होता. रूढी आंधळी असते, असे आपण म्हणतो, ते तिच्यावर उपकार केल्यासारखे आहे. इथे तिला चांगले दिसत होते. कुठे डोळे मिटायचे आणि कुठे उघडायचे, हे ती आपल्या सोयीने ठरवत होती. तिच्या पोटात जन्मलेल्या माणसांना मात्र हा सोयीचा हिशेब दिसत नव्हता, आणि खरे वारसाहक्काचे आंधळेपण ते होय.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईत आले आणि 1894 साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. गिरगाव चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे हे मैदान पुण्यापेक्षा उदार होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमवल्याचा आनंद अवघ्या शहराला झाला. सुधारक मंडळींनी त्यात जातिभेद मोडल्याचा पुरावाही पाहिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळला अस्पृश्य मुलांसाठी पहिली शाळा उघडून आपल्या मिशनचे काम सुरू केले. गिरगावात प्रार्थना समाज तर चार दशके उभा होता. तेव्हा त्या काळच्या मुंबईला काही कळतच नव्हते, ही सबब आपल्याला घेता येणार नाही. कळत होते, वर्तमानपत्रांत छापून येत होते, व्याख्यानांत टाळ्या घेत होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत फसला, पण बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 गडी बाद केले. परत आल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांचा अभिमान वाटला. आता एवढ्या अनुभवाचा, एवढ्या यशाचा खेळाडू हिंदू संघात असताना कर्णधार कोणी व्हावे, हा प्रश्न पडायलाच नको होता. तो दरवर्षी पडत राहिला, आणि दरवर्षी त्याचे उत्तर तेच आले. बाळू नाहीत, दुसरे कुणीतरी. 1913 साली ज्यांना हा मान मिळाला त्या एम. डी. पै यांनी एका समारंभात स्वतःच सांगितले, की ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून तो बाळूंना मिळायला हवा होता. ज्याला मिळाले त्यालाही अन्याय दिसत होता. तरीही पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, काही बदलले नाही.

असे का झाले, याचा विचार केला म्हणजे रूढीच्या क्रौर्याचा गाभा हाती लागतो. गोलंदाज गडी बाद करतो, तेव्हा आपण त्याच्या हाताचे कौतुक करतो. फलंदाजाची खोड ओळखून सहा चेंडू आधी सापळा रचणारे डोके आपल्याला दिसत नाही, कारण ते दिसले तर त्याचा मान राखावा लागेल. कर्णधाराच्या बाबतीत ही पळवाट नसते. तो बोट दाखवतो आणि इतर दहा जण आपली जागा सोडून त्याने सांगितलेल्या जागी जाऊन उभे राहतात. त्यात पंडितांचे मुलगे असतात, वकील असतात. चांभाराच्या घरातल्या माणसाचे श्रम घ्यायला आपली हरकत नव्हती, त्याच्या सांगण्यावरून हलायला होती. बाळूंच्या मोलाविषयी जो वाद चालला होता तो खरे तर केव्हाच संपला होता. 114 गडी बाद करणाऱ्याच्या गोलंदाजीवर कोण काय वाद घालणार? वाद होता तो आपल्या मोलाविषयी, आणि तो खेळाच्या भाषेत बोलला जात होता.

प्रत्येक डावललेल्या खेळाडूच्या मागे जातच असते, असे मी म्हणत नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 गडी बाद करूनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. त्याचे दुःख दादरने जन्मभर बाळगले. पण त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. ते कारण कठोर असले तरी खेळाच्या आतले होते, आणि त्यावर वाद घालता येत होता. बाळूंच्या वाटेत उभे असलेले कारण खेळाच्या पुस्तकात कुठेही सापडत नाही. हा फरक ओळखता येणे, हीच पारख.

कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे, आता त्याचे काय? तर त्याच हिंदू जिमखान्यावर पुढे काय घडले ते पाहा. तिथल्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा त्याच मैदानाच्या कडेला एका खोलीत वाढला. त्याचे नाव एकनाथ सोलकर. फलंदाजापासून हातभर अंतरावर, शॉर्ट लेगला, डोक्यावर हेल्मेट नसताना तो उभा राही. 27 कसोटींत त्याने 53 झेल घेतले. 1971 मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. चंद्रशेखरने 6 बळी घेतले, ते सर्वांना पाठ आहे. त्या सामन्यात सोलकरने 44 धावा केल्या, पहिल्या डावात 28 धावांत 3 गडी बाद केले आणि दुसऱ्या डावात अ‍ॅलन नॉटचा अशक्यप्राय झेल घेतला, हेही पाठ असायला हवे होते. पण कट्ट्यावरचा आपला प्रश्न काय होता? हा धड फलंदाज नाही, धड गोलंदाज नाही, मग संघात कशासाठी? फलंदाजीची सरासरी 25, गोलंदाजीची 59. आकडे पुढे केले की वाद जिंकला.

धावफलकावर ‘झे. सोलकर’ ही अक्षरे छापली जात आणि बळी गोलंदाजाच्या खात्यात जमा होई. शॉर्ट लेगला असा माणूस उभा आहे या धाकानेच फलंदाज पाय पुढे टाकायला कचरत, त्याचे खाते तर कुठेच नव्हते. बास्केटबॉलमध्ये बास्केट कुणी केली याच्याबरोबर, ती करण्याजोगा पास कुणी दिला याचीही नोंद होते, आणि हे ‘असिस्ट’ही मोजून पॉइंट गार्डची लायकी ठरते. दुसऱ्याला मोठे करणाऱ्याचे मोल मोजता येते, फक्त मोजायची इच्छा लागते. आपण सोलकरच्या धाडसाचे गोडवे गायले, त्याच्या गरिबीच्या गोष्टी डोळे पुसत सांगितल्या, पण इतक्या जवळ उभे राहून फलंदाजाच्या मनगटावरून पुढचा चेंडू वाचणाऱ्या त्याच्या बुद्धीचा हिशेब मांडला नाही. पुन्हा हातच दिसले.

हीच गत आपण गिरणगावाची केली. लालबाग-परळच्या गल्ल्यांत पाळी संपवून आलेले कामगार रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी खेळत. एका दमात मैदानाचे मोजमाप, सात जणांच्या हालचाली आणि परतीची वाट एकाच वेळी डोक्यात ठेवावी लागते, असा हा खेळ. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत त्याला ‘मातीतला खेळ’ म्हणून प्रेमाने बाजूला सारले गेले. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हाही त्या मंडळांनी खेळ टिकवला. 2014 साली प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली आणि त्याच चढाया, त्याच पकडी आपल्याला एकाएकी विलक्षण वाटू लागल्या. खेळ तोच होता. त्याला श्रीमंतांचा उजेड लाभला, तेव्हा आपल्याला दिसू लागले.

आजही मैदानावर सरावाच्या जाळीमागे उभे राहून आपण बोलतो ते ऐकावे. इस्त्रीच्या कपड्यांतला, महागडे किट आणलेला मुलगा वेडावाकडा फटका मारून बाद झाला, तर तो प्रयोग करतो आहे. चाळीच्या बोळात रबरी चेंडूवर खेळून आलेल्या मुलाने तोच फटका मारला, तर त्याला कुणी शिकवलेले दिसत नाही. पहिल्याला आपण समज बहाल करतो आणि दुसऱ्याला जिद्द. निवड समिती, प्रशिक्षक, जिमखान्याचे पदाधिकारी हे सगळे आपल्याच घरांतून जातात, आपल्याच चर्चा ऐकून मोठे होतात. त्यांना दोष देऊन आपली सुटका नाही. निवडीच्या खोलीत जो निर्णय होतो तो आधी कट्ट्यावर झालेला असतो. मीही त्या कट्ट्यावरचाच एक.

प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. तिथे राहणाऱ्या, तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे बाळू कोण ते सांगता येईल? पाटी लावून आपण ऋण फेडले आणि हिशेब बंद केला. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना भायखळा-परळच्या मतदारसंघात डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले, आणि सुमारे 2,000 मतांनी बाळू हरले. बाळूंची राजकीय मते त्यांची स्वतःची होती आणि त्यांचा आदर केला पाहिजे. पण ज्या उच्चवर्णीय समाजाने त्यांना क्रिकेटच्या संघाचे पुढारपण नाकारले, त्याला आंबेडकरांशी सामना करायच्या वेळी त्यांच्यात पुढारी दिसला, ही आपली गुणग्राहकता.

बदल होतो, याविषयी मला शंका नाही. तो झालेलाही आहे. 1923 साली बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांचा संघ त्या वर्षी जिंकला. आभाळ कोसळले नाही. परंतु तो बदल कशाने झाला, हे विसरता कामा नये. हिंदू संघ खेळत असलेल्या 1920 च्या स्पर्धेत बाळूंना वगळले आणि विठ्ठलचाही हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. मग गडबड उडाली, तडजोड झाली, पुढच्या सामन्याला बाळूंना उपकर्णधार नेमले गेले. व्याख्यानांनी आणि लेखांनी जे दहा वर्षांत झाले नाही, ते दोघांच्या नकाराने काही दिवसांत झाले.

त्या दिवशी मैदान सोडण्याचे काम ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच करावे लागले. त्यांच्या जागा भरून संघ खेळला, आणि आपण तो सामना पाहायला गेलो. आपल्या पापाचे मूळ तिथे आहे. पायदळी तुडवलेल्याने उठून बोलावे, मग आपण न्याय करू, ही आपली रीत. ती आपल्यालाच बदलावी लागेल, आणि त्यासाठी कुणी महापुरुष जन्माला येण्याची वाट पाहायला नको. आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या, जिमखान्याच्या संघात कर्णधार निवडताना कुणाचे नाव चर्चेलाच आले नाही, हे विचारायचे. निवडीचे कारण सांगा म्हणायचे, आणि ते खेळाच्या आतले नसेल तर आपल्या स्वतःच्या मुलाला त्या संघातून काढून घ्यायचे. नाकारल्या गेलेल्या दोघांऐवजी ज्या दिवशी उरलेले नऊ जण खेळायला नकार देतील, त्या दिवशी खेळाडूची पारख आपल्याला येते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.