साउंड कार्ड गेलेलं नसतं

डेस्कटॉपवर लिनक्स घातलं, बाकी सगळं सुरळीत चाललं आणि आवाज मात्र आला नाही, की दुकानदाराकडे ठरलेली दोन उत्तरं असतात: फॉरमॅट मारा, नाहीतर नवं साउंड कार्ड घ्या. पुष्कळदा दोन्हींची गरज नसते.

साध्या गोष्टी आधी पाहाव्यात. अल्सामिक्सर या लिनक्सच्या आवाज-नियंत्रण प्रोग्रॅममध्ये एखाद्या चॅनेलखाली दोन 'एम' दिसले तर तो म्यूट आहे, 'एम' दाबलं की सुटतो. ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय पहिल्या क्रमांकावर बसलं असेल तर आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो. साउंड ड्रायव्हरच्या मॉड्यूलच्या कॉन्फिगरेशन फाइलीत क्रमांक बदलणारी एक ओळ पुरते.

खरी अडचण याच्या पुढची. कार्ड दिसतं, 'एसएनडी-एचडीए-इंटेल' मॉड्यूल लोड झालेलं असतं, म्यूट काहीच नसतं, तरी स्पीकर गप्प. इंटेलने 2004 मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीत कोडेक चिपच्या कोणत्या पिनला मागचा लाइन-आउट जोडलाय आणि कोणत्या पिनला पुढचा हेडफोन, ही नोंद मदरबोर्डच्या बायॉसने करायची असते. ती चुकली की ड्रायव्हर इमानेइतबारे रिकाम्या पिनवर आवाज पाठवतो. कंपनी आपल्या विंडोज ड्रायव्हरमध्ये ही चूक सावरून घेऊ शकते, मग बायॉस दुरुस्त करण्याची निकड तिला उरत नाही. बाकीच्यांनी काय करायचं?

लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरांची देखभाल करणारे ताकाशी इवाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा बोर्डांच्या अपवादांची यादी वर्षानुवर्षं वाढवत नेली आहे. एकट्या रियलटेकच्या चिपांसाठीची यादीच वाचून दमायला होतं. आपला बोर्ड तिच्यात नसेल तर त्याच कॉन्फिगरेशन फाइलीतल्या ओळीने मॉड्यूलला 'मॉडेल' हा पर्याय देऊन जवळचा अपवाद लागू पडतो का ते पाहायचं. कंपनीला एका बैठकीत लिहून देता येईल असा तक्ता इतरांनी अंधारात चाचपडून तयार करायचा, हे अन्यायाचं आहे. बोर्ड विकणाऱ्याने पिनांचा खरा तक्ता जाहीर केलाच पाहिजे, आणि बायॉसच्या अपडेटमध्ये तो दिलाही पाहिजे.

तोवर ज्याला चालणारी ओळ सापडली त्याने ती स्वतःच्या फाइलीत दडवून ठेवू नये. 'अल्सा-इन्फो' या साउंडची माहिती गोळा करणाऱ्या स्क्रिप्टचा अहवाल जोडून ती कर्नलच्या मंडळींना कळवावी. तिथे ती स्वीकारली गेली, की नव्या कर्नलवर तोच बोर्ड घेणाऱ्याला कॉन्फिगरेशन फाइल उघडावीच लागत नाही.