‘बरे करणे’ आणि ‘तारणे’ : ख्रिस्ती प्रार्थनेतील वैद्यरूप ईश्वर

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना ‘आरोग्यदाता ईश्वर’ ही कल्पना बहुधा दोन प्रकारे निकालात काढली जाते. कोणी तिला चमत्कारकथा म्हणून बाजूस सारतात. कोणी संतवाङ्मयातील ‘भवरोगवैद्या’चे ख्रिस्ती रूप म्हणून तिची बोळवण करतात. दुसरी भूमिका अधिक सहानुभूतीची खरी. पण तीच अधिक दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भवरोग हे रूपक आहे. तेथे संसार हाच रोग आणि नाम हेच औषध. देहाची व्याधी केवळ उपमानापुरती येते. शुभवर्तमानांत मात्र रोग हा प्रथम रोगच असतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित आहे आणि वैद्यांच्या पायी तिचे सारे द्रव्य सरले आहे. रूपकाला हा तपशील अनावश्यक आहे. दुखणाइताला तो अनावश्यक नाही. या प्रसंगी ग्रीक संहितेत योजलेले ‘सोझो’ हे क्रियापद ‘बरे करणे’ व ‘तारणे’ हे दोन्ही अर्थ वाहते. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात शुद्ध होतात दहा कुष्ठरोगी. हे क्रियापद मात्र कृतज्ञतेने परतलेल्या एकाच्याच वाट्याला येते. म्हणजे देहाचे बरे होणे हे तारणाचे निव्वळ प्रतीक नव्हे आणि संपूर्ण तारणही नव्हे. मराठी भाषांतरकाराला मात्र दोहोंपैकी एक शब्द निवडावा लागतो व दुसरा अर्थ निसटतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले; रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे अभंग स्वीकारला. या छंदांबरोबर भक्तिपरंपरेची शब्दकळाही आली. तिने ख्रिस्ताला मराठी मनाच्या निकट आणले, हे तिचे ऋण मोठेच आहे. परंतु तीच शब्दकळा वाचकाला देहाकडून रूपकाकडे ओढते. हा दोष कवींचा नसून आपल्या वाचनाचा आहे.

प्रश्न केवळ अर्थनिर्णयाचा नाही. प्रार्थना करूनही रोगी बरा झाला नाही, तर काय म्हणावे? पौलाने आपल्या देहातील ‘काट्या’साठी तीनदा विनवणी केली, काटा राहिला, कृपेचे आश्वासन मिळाले. जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे?’ असा प्रश्न शिष्यांनी केला, तेव्हा येशूने ते त्याचेही नाही, आईबापांचेही नाही, असे सांगितले. तेव्हा रोग्याच्या उशाशी बसून ‘तुझा विश्वास उणा पडला’ असे सुनावणारा उपदेशक स्वतःच्याच शास्त्राविरुद्ध बोलत असतो. प्रार्थना हा करार नव्हे आणि औषधाचा पर्यायही नव्हे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभारले. ईश्वर बरे करतो या श्रद्धेने तेथे शस्त्रक्रियेला विरोध केला नाही. उलट तिच्यासाठी हात पुरविले.

म्हणून वसईत वा अहिल्यानगर परिसरात रुग्णशय्येपाशी उत्स्फूर्त उच्चारल्या जाणाऱ्या मराठी प्रार्थनांकडे अभ्यासकांनी वाङ्मय म्हणून पाहावे. त्यांत ताप, श्वास, वेदना हे शब्द वाच्यार्थानेच येतात. त्या वाच्यार्थाचा मान राखणे, ही समीक्षेची पहिली जबाबदारी होय.